कोपरा न कापलेल्या पट्ट्या

मंगळवार, ४ मार्च

ताई,

तीन वर्षांनी पत्र लिहितेय आणि सुरुवातच कामाच्या गोष्टीने करतेय, म्हणून रागावू नकोस. तशीही तू रागावलेलीच आहेस, त्यात आणखी किती भर पडणार?

जानेवारीत बटणांच्या डब्यातून दिवस न जाण्याच्या गोळ्यांच्या ज्या पट्ट्या पाठवल्या, त्या घेऊ नकोस. चालू असलेलीसुद्धा आजपासून बंद कर. आमच्या कारखान्यात छपाईचा जरा घोटाळा झालाय, तारीख नीट उमटलेली नाही, म्हणून म्हटलं उगाच जोखीम कशाला. घाबरण्यासारखं काही नाही. चांगल्या पट्ट्या मी लवकरच पाठवते. तोवर भावोजींपासून जरा लांबच राहा. पाठ भरलीय म्हणून सांग. दिवसभर मशीनवर वाकून शिवणाऱ्या बाईला पाठदुखी खोटी सांगावी लागत नाही.

पत्र तू शिवतेस त्या मास्तरांच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतेय. तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे, हे मला ठाऊक आहे. चिमणीच्या बाबांच्या फोनवरून लावला तर भावोजींनी उचलला, आणि त्यांचा आवाज ऐकून माझी बोबडीच वळली. मी, आणि गप्प! तुला सांगून खरं वाटायचं नाही. पण ह्या गोळ्यांचं त्यांना कळलं तर तुझे काय हाल होतील, ह्या धास्तीने मी फोन ठेवून दिला.

इकडे सगळं ठीक. चिमणी तिसरीत आहे. शाळेत 'माझी आई' ह्यावर लिहायला सांगितलं, तर तिने लिहिलं, माझी आई गोळ्यांना चांदीची पांघरुणं घालते. बाईंनी खाली 'छान' असा शेरा दिलाय, पण त्यांना काही कळलं असेल असं वाटत नाही. अकरा वर्षं पॅकिंगच्या लाइनवर उभी राहिल्यावर आता मला मशीन मिळणार आहे. मशीन चालवण्याच्या शिक्षणाला आमच्या लाइनवरून एकटीची निवड झालीय. एप्रिलमध्ये सुरू. सहा महिने शिकायचं, एकही खाडा करायचा नाही, आणि मग पगार जवळजवळ दीडपट. ह्यांनी तर दोन खोल्यांचं घरही बघून ठेवलंय. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही म्हणून भाडं कमी. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी धापा टाकत जिने चढायचे, म्हणून स्वतःवरच हसत असतात.

ताई, मी डबे पाठवते आणि तू ते घेतेस, एवढंच आपल्यात उरलंय. तू कधी पोच दिली नाहीस, मी कधी मागितली नाही. ह्या वेळी मागतेय. 'कळलं' एवढा एकच शब्द लिही. शिवी दिलीस तरी चालेल.

तुझी,
धाकटी

शुक्रवार, १४ मार्च

ताई,

उत्तर नाही. रोज कामावरून आले की दाराच्या फटीखाली बघते. विजेचं बिल आलं, चष्म्याच्या दुकानाची जाहिरात आली, तुझं काही आलं नाही.

छपाईचा घोटाळा हे मी धड खरं सांगितलं नव्हतं. आता सांगते, पण आधी हातातली कात्री खाली ठेव.

मला दिवस गेलेत.

मी त्याच पट्ट्या घेत होते. एकही गोळी चुकवली नाही. पाळी लांबली तरी मनात काही आलं नाही, उभं राहून राहून होतं असं कधीकधी. मग गेल्या महिन्याच्या शेवटी लाइनवर डिंकाचा वास आला आणि पोटात असं ढवळलं की मी तोंडाला ओढणी लावून बाहेर पळाले. शेजारी मामी उभी होती. मामी म्हणजे आमच्या लाइनवरची सगळ्यांत जुनी बाई, खोकी चिकटवते, जिभेला हाड नाही. म्हणाली, "अगं, अकरा वर्षांत ह्या डिंकाला आजच वास सुटला का?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

तपासणीची पट्टी आणली. त्या पट्टीवर दोन रेघा आल्या आणि मी कारखान्याच्या संडासात कडी लावून बसून राहिले. बाहेरून कुणीतरी दार वाजवत होतं. मला आधी चिमणी आठवली नाही, मशीन आठवलं नाही, हेसुद्धा आठवले नाहीत. तू आठवलीस. कारण तुझ्या डब्यातल्या पट्ट्या आणि माझ्या पट्ट्या एकाच टोपलीतल्या आहेत. त्यांत औषधच नसावं असं मला वाटतंय. म्हणूनच मी ते चार तारखेचं पत्र घाईघाईने लिहिलं आणि तारखेचं कारण पुढे केलं. खरं लिहायला पेन धजलं नाही.

तुझ्या तिसऱ्या बाळंतपणात त्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, ते तू शुद्धीत नसल्यामुळे ऐकलं नाहीस. मी ऐकलंय. "ह्या वेळी कशीबशी हाती लागली. पुढच्या वेळी बाई हाती लागायची नाही." पलंगाखालची फरशी दोनदा पुसली होती तेव्हा. मी तिथेच होते. रक्त फार गेलंय, मुलं बंद करायचं ऑपरेशन नंतर करू म्हणाल्या, आणि ते नंतर काही उजाडलं नाही. त्याच दिवशी मी वॉर्डात सगळ्यांसमोर भावोजींना म्हणाले, की तुमचं ऑपरेशन करून घ्या, सुईएवढं काम आहे, तुम्ही नवरा आहात का जल्लाद आहात? शेवटचा शब्द नको होता. पण बाकीचे सगळे हवे होते, आणि आजही तेच बोलेन. तू डोळे उघडलेस आणि मलाच म्हणालीस, "तू जा इथून. तुझं तोंड मला बघायचं नाही." मी गेले. पण तुमच्या गावात औषधांचं दुकान एकच आणि ते भावोजींच्या चुलतभावाचं, हे मला माहीत होतं, म्हणून बटणांच्या डब्यात पट्ट्या घालून बसच्या ड्रायव्हरकडे दिल्या. तू डबा परत पाठवला नाहीस. मला वाटलं, चला, मी नको असले तरी जगणं हवंय तुला.

ताई, मला फार भीती वाटतेय. तुझी पाळी आली का, एवढंच कळव.

धाकटी

शनिवार, २२ मार्च

ताई,

अजूनही काही नाही. ठीक आहे. तू वाचतेस असं धरून चालते.

ह्यांना सांगितलं. आधी चेहरा असा खुलला की मला रडूच आलं. चिमणीला उचलून गरागरा फिरवलं, तिला कशासाठी ते कळलं नाही, पण फिरवून घेतलं तिने. मग ताट आवरताना म्हणाले, "तुझं मशीन?"

तुला नियम माहीत नाही. आमच्या लाइनवर हवेत औषधाची पूड असते, म्हणून पोटुशी बाईला तिथे उभं करत नाहीत. नियम भल्यासाठीच आहे. पण त्या बाईला मागच्या शेडमध्ये खोकी दुमडायला बसवतात आणि तिथे खोक्यामागे पैसे. जितकी दुमडशील तितके. मशीनची जागा दुसरीला जाते. बाळंतपणानंतर परत आलं तर नव्या पोरीच्या पगारावर. माझ्या डोळ्यांदेखत तिघींचं असं झालंय. त्यांतली एक माझ्याबरोबर लागलेली, माझ्याहून हात चलाख, तिला मशीन कधीच मिळायला हवं होतं. आता तिचा मुलगा शाळेत जायला लागला तरी ती शेडमध्येच आहे. भेटली की म्हणते, माझी बोटं कागदाची झालीत.

आणि बाळ कुणाजवळ ठेवायचं? आई असती तर ठेवलं असतं. तू जवळ असतीस, बोलत असतीस तर मी विचारलं असतं. राहिली चिमणी. आठ वर्षांच्या पोरीच्या कडेवर मूल द्यायचं आणि तिची शाळा बुडवायची. तू माझ्यासाठी जे केलंस तेच. तू मला कडेवर घेऊन चौथीतून घरी बसलीस, मी विसरलेले नाही.

दुकानात ही पट्टी दोन कप चहाच्या भावात मिळते. दोन कप चहा! आम्ही लाइनवरच्या बायका ती टोपलीतून फुकट उचलत होतो आणि स्वतःला हुशार समजत होतो. त्या दोन कपांपायी माझं मशीन, दोन खोल्या, चिमणीची शाळा, सगळं पणाला लागलंय. आणि तुझा तर जीव.

मला दुसरं मूल कधीच नको होतं असं नाही. हवं होतं. मशीन हाताशी आल्यावर, दोन खोल्या झाल्यावर, चिमणी जरा मोठी झाल्यावर. आपल्या वेळेला बोलावून आणायचं होतं. हे मी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अंग तुझं आहे. तू सांगशील तसं." असं म्हणून बाहेर जाऊन जिन्यात बसले. मी त्यांना हाक मारली नाही.

बुधवारी सरकारी दवाखान्यात जाणार आहे. अजून वेळ हातात आहे असं तिथल्या नर्सबाई म्हणाल्या. मला दवाखान्याच्या त्या वासाची भीती वाटते. तुझ्या वॉर्डाचा वास अजून नाकातून गेलेला नाही. तू असतीस तर बरोबर आली असतीस आणि तिथे सगळ्यांना दटावलं असतंस.

धाकटी

गुरुवार, २७ मार्च

ताई,

हे पत्र बटणांच्या खाली ठेवतेय. डबा तू उघडतेस, एवढं मला पक्कं माहीत आहे. पाकिटं उघडत नाहीस, हे आज कळलं.

दुकानाचा नंबर मिळवून आज तिथे फोन केला होता. मास्तरांनी उचलला. म्हणाले, "तुमची तीन पत्रं आली आहेत. ड्रॉवरमध्ये आहेत. तिने सांगून ठेवलंय, धाकटीचं पाकीट आलं की न फोडता ठेवून द्या." मी म्हटलं, तिला जरा फोनवर बोलवा. तर म्हणाले, "ती आठवडाभर कामावर आलेली नाही. ओकाऱ्या होतायत म्हणे. चहासुद्धा पोटात ठरत नाही."

ताई, त्यानंतर मास्तर काय बोलले ते मला आठवत नाही. आता तू ही चिठ्ठी पूर्ण वाच. मध्येच फाडू नकोस. तुझ्या तिन्ही पोरांची शपथ आहे.

जानेवारीच्या डब्यातल्या गोळ्या खोट्या आहेत. आमच्याकडे मशीन बरेच दिवस बंद ठेवून परत चालू केलं की आधी गार असतं, चांदीचा कागद नीट चिकटत नाही. खरं औषध वाया जाऊ नये म्हणून पहिल्या पट्ट्या कोऱ्या गोळ्यांच्या काढतात. दिसायला हुबेहूब, पण आत औषधाचा कण नाही. ह्या कोऱ्या पट्टीचा एक कोपरा कात्रीने कापायचा आणि ती टाकाऊ टोपलीत टाकायची. छपाई वाकडी आलेल्या खऱ्या पट्ट्याही त्याच टोपलीत जातात, पण त्यांचे चारही कोपरे शाबूत असतात. संध्याकाळी टोपली भट्टीत जाते. जायच्या आधी बायका चार कोपऱ्यांच्या पट्ट्या काढून घेतात. सुपरवायझरबाई तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत उभ्या राहतात. बाहेर बघण्यासारखं काही नाही, नुसती भिंत आहे. तीन वर्षं मी तुला पाठवलेल्या सगळ्या पट्ट्या ह्याच होत्या, वाकड्या छपाईच्या, पण खऱ्या.

डिसेंबरात दुरुस्तीनंतर मशीन चालू झालं त्या दिवशी कात्री माझ्या हातात होती. मी कोपरे कापत होते, आणि मशीनच्या शिक्षणासाठी मुलाखतीला वरून बोलावणं आलं. कापायचा राहिलेला गठ्ठा मी टोपलीत टाकला. म्हटलं, खाली आल्यावर कापीन. खाली आले ती निवड होऊन. पाय जमिनीवर नव्हते. सगळ्यांना कँटीनमध्ये चहा पाजला आणि त्यांच्या आधी मी परत आले, म्हणून टोपली मला एकटीला मिळाली. चार कोपऱ्यांच्या इतक्या पट्ट्या पाहून मी देवाचे आभार मानले, ताई. तुला एकदम भरपूर पाठवता येतील म्हणून. मागे नंबर छापलेला नव्हता, तो वाकड्या छपाईतही कधीकधी नसतो. नखाने कागद अलगद सुटत होता, तेही दिसलं. अकरा वर्षं हेच काम करणारी मी, गार मशीनचा कागद मला ओळखू आला नाही. लाइनवर बाकी कुणाकडे त्या पट्ट्या गेल्या नाहीत, मी एकेकीला गाठून विचारलंय. गेल्या त्या दोनच ठिकाणी. माझ्याकडे आणि तुझ्याकडे.

काल मी गर्भपात करून घेतला. वेळेत होतं म्हणून सोपं गेलं. दुखलं, पण मी ज्याला घाबरत होते तसं काही नव्हतं. नर्सबाईंनी हात धरला होता. घरी येताना पोटभर रडले आणि मग इतकी भूक लागली की ह्यांनी दोनदा वाढलं. दोन खोल्यांसाठी साठवलेल्या अनामतीला थोडी कात्री लागली, तेवढं पुढेमागे भरून निघेल. सोमवारी सात तारखेला शिक्षण सुरू होईल. माझी बाजू निभावली.

तुझी नाही निभावली. ओकाऱ्या होत असतील तर आजच्या आज दवाखान्यात जा. तिथे सगळं खरं सांग, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या तेही सांग. भावोजींनी विचारलं तर माझं नाव घे. म्हण, धाकटीनेच मला फसवलं, तिनेच गोळ्या दिल्या. मग ते मला काय वाटेल ते बोलोत. उशीर करू नकोस. मला तुझी माफी नको, मला फक्त तू हवी आहेस.

डबा उद्याच्या बसने येतोय. ह्यातल्या पट्ट्या दुकानातून विकत घेतलेल्या आहेत, बिल डब्याच्या झाकणात चिकटवलंय.

धाकटी

बुधवार, २ एप्रिल

धाकटे,

आज कामावर आले, तेव्हा डबा मिळाला. चिठ्ठी वाचली. मग ड्रॉवरमधली तिन्ही पत्रं फोडून वाचली, चौथ्या चिठ्ठीनंतर पहिलं पत्र, म्हणजे उलटंच. मास्तर विचारत होते, कुणी गेलं का. मी म्हटलं, नाही, अजून नाही.

आधी माझं सांगते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. मला काही झालेलं नाही. पोरांना ओकाऱ्यांची साथ लागली होती, मग ती मला लागली. आता बरी आहे.

मला काही होणारही नाही. तू वॉर्डातून गेलीस, त्यानंतर सहा महिन्यांनी मी दाढ काढायला जाते म्हणून तालुक्याला गेले आणि तांबी बसवून आले. घरी गालात कापूस धरून दोन दिवस फिरले. सासूबाई पातळ पातळ करून भरवत होत्या, मला लाज वाटत होती आणि हसूही येत होतं. ह्यांना आजपर्यंत पत्ता नाही. तू समजतेस तेवढी मी मुकी नाही. तुला जा म्हणाले ते ह्यांच्या बाजूने नव्हते बोलले. मला त्याच घरात परत जायचं होतं, तान्हं घेऊन, अंगात रक्त नसताना. तू बोलून मोकळी झालीस, जायचं मला होतं. त्याचा राग होता. तो तीन वर्षं पुरला.

तुला वाटेल, मग मी डबे का घेत राहिले. तू दर तीन महिन्यांनी इतक्या पट्ट्या पाठवायचीस की एक बाई म्हातारी होईपर्यंत पुरतील. पहिला डबा तसाच पडून होता. मग समोरच्या घरातली सून शर्टाला बटण लावायला आली. नवं लग्न, नर्सिंगच्या पहिल्याच वर्षाला. बटण लावेपर्यंत रडत होती. दिवस गेले तर कॉलेज बंद, असं सासऱ्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. मी शर्टाची घडी घातली आणि घडीत एक पट्टी सरकवली. पुढच्या महिन्यात ती दुसरा शर्ट घेऊन आली. त्या शर्टाची सगळी बटणं शाबूत होती. एक तिने स्वतःच तोडलेलं.

मग एकीचं दुसरीला कळलं. आता पाच जणी येतात. पाववाल्याची बायको, चार पोरं आणि नवरा अंथरुणाला खिळलेला, भट्टी तीच पेटवते. तिला पाचवं झालं तर भट्टी बंद, आणि भट्टी बंद तर सगळेच उपाशी. पोस्टातली एक, तिची नोकरी अजून कायम झालेली नाही. एकीचं तान्हं अजून अंगावर पितं. एक तर अशी आहे की तिच्याबद्दल कागदावर लिहितही नाही. सगळ्या बटण लावायला येतात. मास्तर म्हणतात, ह्या गल्लीतल्या माणसांची बटणंच कच्ची, तुझी बहीण पाठवते तेवढी कमीच पडतात. मला वाटायचं, धाकटीशी बोलत नसले तरी तिचं काम वाया जात नाही. तुला हे एक दिवस सांगायचं होतं. तुझा चेहरा कसा होतो ते बघायचं होतं.

जानेवारीच्या डब्यातल्या पट्ट्या मी पाचही जणींना वाटल्या. एकही उरलेली नाही. तुझं पहिलं पत्र मी त्याच दिवशी फोडलं असतं तर निदान एक महिना वाचला असता. हे आता तुझ्या एकटीचं राहिलेलं नाही.

आज सकाळी चिठ्ठी वाचून होते न होते तोच समोरची सून दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. नुसतीच उभी. मी विचारलं, काय गं, बटण? तिने नाही म्हणून मान हलवली. तिच्या हातात शर्ट नव्हता.

मी म्हटलं, उद्या ये, आज मास्तरांचं काम आहे. खोटं बोलले. तिला काय सांगू? तिने माझ्यावर विश्वास ठेवून रोज एक गोळी गिळली. बाकीच्या चौघींच्या दाराशी जायचंय, आणि प्रत्येक दाराआड नवरा आहे, सासू आहे. मी जाऊन काय बोलणार? मला बोलताच येत नाही, मला फक्त शिवता येतं. त्या दिवशी वॉर्डात तुझ्या तोंडाचा मला राग आला होता. आज तुझंच तोंड हवंय.

ही चिठ्ठी घालून डबा परत पाठवतेय, पहिल्यांदाच. फोन करू नकोस, माझा घरी असतो आणि दुकानातला मास्तरांच्या कानाशी.

ताई

शनिवार, ५ एप्रिल

ताई,

चिठ्ठी ड्रायव्हरच्या हाती देतेय, मी उद्या रात्रीच्या बसने निघतेय. सोमवारी सकाळी पोचेन, थेट दुकानात येईन, घरी नाही.

त्याच दिवशी शिक्षण सुरू होतंय आणि पहिल्याच दिवशी खाडा म्हणजे जागा दुसरीला. सुपरवायझरबाईंना सांगितलं, घरी आजारपण आहे. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "विचार कर. परत बोलावतील असं नाही." मी केला विचार. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडलेसुद्धा, तुझ्यापासून काय लपवू. मामीला कळलं तर ती मला म्हणाली, "अगं वेडे, पाच अनोळखी बायांसाठी?" मी म्हटलं, अनोळखी कशा, माझ्याच टोपलीतलं खातायत. ह्यांनी घरमालकाला नको म्हणून कळवलं आणि मला बसचं तिकीट आणून दिलं. चिमणीला म्हणाले, आई मावशीकडे बटणं लावायला चाललीय.

इथल्या नर्सबाईंना मी भेटून आले. ज्यांना नको असेल त्यांनी ह्याच महिन्यात यावं, तालुक्याच्या दवाखान्यातही सोय आहे, आणि ते कुणाला कळवत नाहीत, असं त्या म्हणाल्या. ज्यांना हवं असेल त्यांचंही बघू. आधी विचारायचं, मग बाकीचं. कदाचित पाचांपैकी दोघीतिघींची पाळी वेळेवर आली असेल. कदाचित नसेल. लोकांना तोंड द्यायची मला कधी भीती वाटली नव्हती, आज वाटतेय.

समोरच्या सुनेला आता उद्या-परवा करू नकोस. तिला दुकानात बसवून ठेव, चहा दे. शर्ट आणायला सांग एखादा, म्हणजे कुणी विचारलं तर सांगता येईल.

दारं तू दाखव. कडी तू वाजव. बोलेन मी.

धाकटी